काचपट्टी एक, डोळे अनेक

वैद्यकशास्त्रांत असे कांहीं प्रश्न आहेत कीं, ज्यांचें उत्तर रोग्याच्या नाडीवरून मिळत नाहीं, तापमापकावरून मिळत नाहीं, आणि खुद्द रोग्यास विचारूनहि मिळत नाहीं. तें मिळतें एका लहानशा काचपट्टीवर. साठी उलटलेल्या एखाद्या गृहस्थाच्या पुरःस्थ ग्रंथींत, म्हणजे मूत्राशयाच्या मुखाशीं असलेल्या आणि डॉक्टर जिला प्रोस्टेट म्हणतात त्या ग्रंथींत, कांहीं टणक लागतें. डॉक्टर पोकळ सुईनें तेथील दहाबारा बारीक धागे काढून घेतात. कांहीं दिवसांनीं अहवाल येतो कीं, कर्करोग आहे. घरांतील मंडळींचा धीर या एका शब्दानेंच सुटतो. परंतु डॉक्टरांच्या दृष्टीनें खरा प्रश्न येथून पुढें सुरू होतो: हा कर्करोग कोणत्या प्रतीचा?

प्रत मंद असेल तर त्या गृहस्थास केवळ नियमित तपासणीवर ठेवतां येतें, आणि कित्येक वर्षें शस्त्राचें नांवहि काढावें लागत नाहीं. प्रत तीव्र असेल तर ग्रंथि काढून टाकणें किंवा किरणांचा उपचार करणें प्राप्त होतें; आणि त्यापायीं मूत्रावरील ताबा जाणें, पुरुषत्वास बाध येणें, अशीं दुःखें कित्येकांच्या वांट्यास येतात. म्हणजे एका आंकड्यावर एका माणसाचें पुढील आयुष्य अवलंबून असतें. तो आंकडा देणारा असतो विकृतिशास्त्रज्ञ. रोगग्रस्त पेशींचा अभ्यास करणारा, रोग्यानें बहुधा कधींहि न पाहिलेला एक डॉक्टर. त्यानें एका नळीला डोळा लावून दिलेला निकाल दुसऱ्या शहरांतील दुसरा डॉक्टर तसाच देईल काय? गेल्या शंभर वर्षांत या प्रश्नानें अनेक विद्वानांस स्वस्थ बसूं दिलें नाहीं. त्या खटपटीचा हा इतिहास आहे.

प्रथम ही काचपट्टी कशी तयार होते तें पाहणें बरें. सुईनें काढलेला धागा फॉर्मॅलिनच्या द्रावणांत ठेवतात, म्हणजे तो कुजत नाहीं. मग त्यांतील पाणी काढून तो मेणांत बसवितात आणि यंत्राच्या पात्यानें त्याचे चारपांच मायक्रॉन जाडीचे काप घेतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. असा काप काचेवर ठेवला तरी तो जवळजवळ पारदर्शक असतो. म्हणून त्यास रंग द्यावा लागतो. हेमॅटॉक्सिलिन नांवाचा रंग मध्य अमेरिकेंतील एका झाडाच्या लांकडापासून निघतो. त्यानें पेशींचीं केंद्रें निळींजांभळीं दिसतात. इओसिन या दुसऱ्या रंगानें बाकीचा भाग गुलाबी होतो. या निळ्यागुलाबी नक्षींतून रोगाचा स्वभाव ओळखावयाचा असतो.

स्वभाव ओळखण्याच्या या विद्येचा पाया जर्मनींत घातला गेला. १८५८ सालीं बर्लिनच्या रुडॉल्फ फिर्खो यानें पेशींच्या विकृतीवरील आपलीं व्याख्यानें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलीं आणि रोगाचें मूळ शरीरांतील पेशींतच शोधावें हा विचार रूढ केला. त्याच्या हाताखालीं काम केलेल्या डेव्हिड फॉन हान्सेमान यानें १८९० सालीं आणखी एक पाऊल पुढें टाकलें. कर्करोगाची पेशी ही ज्या पेशीपासून उपजली तिचें वळण ती किती प्रमाणांत टाकते, याकडे त्यानें लक्ष वेधलें. ओठाच्या त्वचेंतील पेशी रोगट झाली तरी ती कांहीं काळ ओठाच्या पेशीसारखी दिसते. पुढें तिचें रूप असें कांहीं बिघडतें कीं, ती कोणत्या कुळांतील हेंहि कळेनासें होतें. जितकें वळण सुटलें तितका रोग दांडगा, हा तो विचार.

परंतु विचार निराळा आणि माप निराळें. माप देण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानांत रॉचेस्टर येथील मेयो क्लिनिकमध्यें झाला. अल्बर्ट ब्रॉडर्स या विकृतिशास्त्रज्ञानें ओठाच्या कर्करोगाच्या ५३७ रोग्यांचा अभ्यास १९२० सालीं प्रसिद्ध केला. त्यानें रोगाच्या चार प्रती ठरविल्या. रोगग्रस्त पेशींपैकीं सुमारें तीन चतुर्थांश पेशींनीं आपलें मूळ वळण राखलें असेल तर ती पहिली प्रत; आणि जसजसा हा वांटा घटत जाईल तसतशी दुसरी, तिसरी व चौथी. प्रत जितकी वरची तितका रोग्याचा शेवट वाईट, असें त्यास आढळून आलें. काचपट्टीवरील रूपावरून रोग्याचें भवितव्य आंकड्यांत सांगतां येतें, ही गोष्ट या कामामुळें वैद्यकाच्या व्यवहारांत आली.

तथापि या मापांत एक अडचण होती. तीन चतुर्थांश हा आंकडा काढावयाचा कसा? कोणीहि पेशी मोजीत बसत नसे. तो अंदाजच असे. ज्यांना परीक्षांचा अनुभव आहे त्यांना ही अडचण चटकन् उमजेल. एकच निबंध दोन परीक्षकांकडे गेला तर एक त्यास साठ गुण देतो आणि दुसरा पंचेचाळीस. दोघेहि प्रामाणिक असतात, दोघांनाहि विषय कळतो. परंतु ‘भाषा बरी’ या शब्दांचा अर्थ दोघांच्या मनांत निराळा असतो. निबंधाच्या बाबतींत फार तर एक विद्यार्थी नापास होईल. येथें मात्र चुकीचा दंड रोग्याच्या देहास भरावा लागतो.

ही अडचण दूर करण्याचा एक मार्ग स्तनाच्या कर्करोगाच्या अभ्यासकांनीं शोधला. बोस्टनच्या ग्रीनो यानें १९२५ सालीं आणि लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयांतील पेटी व स्कार्फ यांनीं १९२८ सालीं एका ठोकळ मताऐवजीं अनेक लक्षणें वेगवेगळीं पाहण्याची रीत पुढें आणली. १९५७ सालीं ब्लूम व रिचर्डसन यांनीं त्यास गुणांची जोड दिली. रोगट पेशी नळीसारख्या रचना किती करतात, त्यांचीं केंद्रें किती विषम आहेत, आणि विभागणाऱ्या पेशी किती आढळतात, या तीन लक्षणांस प्रत्येकीं एक ते तीन गुण द्यावयाचे आणि तिहींची बेरीज करावयाची. पुढें १९९१ सालीं नॉटिंगहॅमच्या एल्स्टन व एलिस यांनीं या गुणांच्या मर्यादा अधिक काटेकोर केल्या. त्या वेळीं एक मौजेची गोष्ट नीट हिशेबांत घ्यावी लागली. विभागणाऱ्या पेशी सूक्ष्मदर्शकाच्या दहा दृष्टिक्षेत्रांत मोजावयाच्या. परंतु निरनिराळ्या सूक्ष्मदर्शकांचीं दृष्टिक्षेत्रें लहानमोठीं असतात! पूर्वीं एका गांवचा शेर दुसऱ्या गांवच्या शेराशीं जुळत नसे, तशांतलाच हा प्रकार. म्हणून दृष्टिक्षेत्राच्या व्यासाप्रमाणें गुणांच्या मर्यादा बदलून देणारें कोष्टक तयार करावें लागलें.

पुरःस्थ ग्रंथीच्या बाबतींत जें घडलें तें याहून निराळें आणि अधिक उद्बोधक आहे. अमेरिकेंत सेवानिवृत्त सैनिकांसाठीं सरकारी रुग्णालयें आहेत. अशा अनेक रुग्णालयांनीं मिळून १९६० च्या सुमारास या रोगावरील उपचारांची तुलना हातीं घेतली. रोग्यांचे गट पाडावयाचे तर रोगाची प्रत सर्वांनीं एका मापानें मोजली पाहिजे. आणि तसें माप तर कोणापाशींच नव्हतें. तेव्हां मिनिआपोलिस येथील रुग्णालयांतील मूत्ररोगांचे प्रमुख जॉर्ज मेलिंजर यांनीं १९६२ सालीं तेथील विकृतिशास्त्रज्ञ डोनाल्ड ग्लीसन यांना तें तयार करण्यास सांगितलें.

ग्लीसन यांनीं जी रीत पत्करली तींत त्यांच्या बुद्धीपेक्षांहि त्यांचा संयम अधिक दिसून येतो. काचपट्टी कोणाची, तो रोगी जगला कीं वारला, हें कांहींहि जाणून न घेतां त्यांनीं केवळ नक्षींतील सारखेपणावरून पट्ट्यांचे गट पाडले. पेशींच्या केंद्रांकडे त्यांनीं मुद्दाम काणाडोळा केला आणि लहान ग्रंथींची मांडणी तेवढी पाहिली. मांडणीचे पांच नमुने निघाले. पहिल्यांत गोल ग्रंथी दाटीनें पण शिस्तीनें बसलेल्या. दुसऱ्यांत त्या थोड्या विस्कळित. तिसऱ्यांत लहान लहान ग्रंथी सुट्या होऊन आसपास शिरूं लागलेल्या. चौथ्यांत त्या एकमेकींत मिसळून चाळणीसारख्या झालेल्या. आणि पांचव्यांत ग्रंथि म्हणून कांहीं उरलेंच नाहीं, नुसत्या पेशींचे थर किंवा सुट्या पेशी. हे गट ठरल्यावर मग संख्याशास्त्रज्ञांनीं रोग्यांच्या मृत्यूच्या नोंदी त्यांच्याशीं ताडून पाहिल्या. नमुन्याचा आंकडा जसा चढत गेला तसें मृत्यूचें प्रमाणहि चढत गेलें.

आणखी एक गोष्ट ध्यानांत आली. पुष्कळ रोग्यांत एकाच वेळीं दोन नमुने दिसत, आणि अशा रोग्यांचें भवितव्य त्या दोहोंच्या मधलें असे. तेव्हां दोन नमुन्यांपैकीं एकाची निवड करण्याचा वाद घालण्यापेक्षां दोहोंची बेरीजच कां घेऊं नये? म्हणून दोन ते दहा असा गुणांक निघाला. १९६६ सालीं २७० रोग्यांवरील पहिला लेख प्रसिद्ध झाला, आणि १९७४ सालीं ग्लीसन व मेलिंजर यांनीं १,०३२ रोग्यांवरून ही पद्धति पक्की केली. या पद्धतीबरोबर ग्लीसन यांनीं स्वतः काढलेलें एक साधें काळेंपांढरें रेखाचित्र होतें. त्यांत पांचहि नमुने एकाखालीं एक दाखविलेले. पुढें जगभरच्या प्रयोगशाळांतून तें चित्र भिंतीवर लागलें. शब्दांनीं जें साधलें नव्हतें तें या चित्रानें बरेंचसें साधलें; कारण ‘किंचित् विस्कळित’ म्हणजे किती विस्कळित, हें वाक्यांत सांगतां येत नाहीं, पण डोळ्यांपुढें ठेवतां येतें.

असें असूनहि मतभेद सरला नाहीं. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका तपासणींत अमेरिकेच्या जॉर्जिया संस्थानांतील ४१ सर्वसाधारण विकृतिशास्त्रज्ञांना पुरःस्थ ग्रंथीच्या ३८ नमुन्यांची प्रतवारी करण्यास सांगितलें. या नमुन्यांवर तज्ज्ञांचें आधींच बहुतेक एकमत झालेलें होतें. एकमत मोजण्याचें एक परिमाण आहे. त्यांत पूर्ण एकमतास १ आणि केवळ योगायोगानें जुळणाऱ्या मतांस ० धरतात. या ४१ जणांचा आंकडा ०.४३५ आला. म्हणजे अर्ध्या वाटेवरहि नाहीं. त्यांच्या चुकांना एक वळणहि होतें: रोग आहे त्याहून सौम्य ठरविण्याकडे कल अधिक. ज्या रोग्याचा रोग असा सौम्य ठरला असेल, त्याला वेळेवर उपचार मिळाला नसण्याचा संभव उघड आहे.

याच्या उलटहि एक प्रकार होता, आणि तो अधिक फसवा होता. कनेटिकट संस्थानांत १९९० च्या सुमारास निदान झालेल्या १,८५८ रोग्यांच्या जुन्या काचपट्ट्या दहाबारा वर्षांनीं नव्यानें तपासून त्याचा वृत्तांत २००५ सालीं प्रसिद्ध झाला. काचपट्ट्या त्याच, रोगी तेच. पण सरासरी गुणांक ५.९५ वरून ६.८ वर गेला. मधल्या काळांत विकृतिशास्त्रज्ञांची नजर हळूहळू कडक होत गेली होती. याचा परिणाम चमत्कारिक झाला. पूर्वीं सौम्य गटांत असलेले, पण त्यांतल्या त्यांत वाईट असे रोगी वरच्या गटांत गेले. त्यामुळें खालच्या गटाची स्थिति सुधारल्यासारखी दिसली. आणि वरच्या गटांत हे नवे सौम्य रोगी आल्यामुळें त्याचीहि स्थिति सुधारल्यासारखी दिसली. नव्या गुणांकानें हिशेब केला तर मृत्यूचें प्रमाण २८ टक्क्यांनीं घटलें असें वाटे. प्रत्यक्षांत एकाहि माणसाचें आयुष्य एका दिवसानें वाढलें नव्हतें. शाळेनें वर्गांची फेरवांटणी करून दोन्ही तुकड्यांचा निकाल सुधारल्याचें दाखवावें, तसेंच हें झालें. माप स्थिर नसलें तर उपचार सुधारला कीं नजर बदलली, हें सांगण्यास कांहीं साधन उरत नाहीं.

या दोन्ही दोषांचें मूळ शोधूं गेल्यास तें बऱ्याच अंशीं काचपट्टीच्या स्वभावांतच सांपडतें. काचपट्टी एकच असते. ती मुंबईस असेल तर लंडनला असूं शकत नाहीं. त्याच धाग्याचा दुसरा काप घेतला तर त्यांतील नक्षी थोडी तरी निराळी असते. शिकवितांना गुरु व शिष्य दोघेहि दोन नळ्यांच्या सूक्ष्मदर्शकावर बसत, आणि गुरूची नजर एका खोलींतल्या चारदोन विद्यार्थ्यांपर्यंत पोंचे. छायाचित्रें छापतां येत, पण छायाचित्रांत काढणाऱ्यानें निवडलेला तेवढाच तुकडा येतो. आणि कोठें पाहावें हें ठरविणें हाच तर या कामांतील अर्धा कस आहे. त्यामुळें प्रत्येक प्रयोगशाळेंत, प्रत्येक गुरूच्या हाताखालीं, प्रतवारीची आपली आपली परंपरा तयार होई. संगीतांतील घराण्यांप्रमाणें त्या परंपरा टिकल्या असत्या तर बिघडलें नसतें. पण रोग्याला घराणें निवडतां येत नाहीं.

या अडचणीवर डिजिटल सूक्ष्मदर्शनानें उपाय काढला. त्याची कृति समजण्यास कठीण नाहीं. काचपट्टी एका यंत्रांत ठेवतात. यंत्र तिचा भाग भिंगाखालून टप्प्याटप्प्यानें सरकवून त्याचीं चित्रें घेतें आणि तीं सांधून एकच अखंड चित्र करतें. चित्राचा प्रत्येक ठिपका काचेवरच्या पाव मायक्रॉनएवढ्या जागेचा असतो. पंधरा मिलिमीटर लांब व तितकाच रुंद असा भाग घेतला तर त्याचे प्रत्येक बाजूस ६०,००० आणि सगळे मिळून ३६० कोटि ठिपके होतात. तेंच चित्र लहान आकारांतहि साठविलेलें असतें, म्हणून पडद्यावर आधीं सगळा धागा एका नजरेंत पाहावा आणि मग हव्या त्या ठिकाणीं जवळ जावें, असें सूक्ष्मदर्शकाप्रमाणेंच करतां येतें. महत्त्वाची गोष्ट ही कीं, हें चित्र एकाच क्षणीं शंभर माणसें शंभर गांवीं पाहूं शकतात, आणि प्रत्येकजण तेंच पाहतो. त्या आधीं ‘एकच काचपट्टी सर्वांनीं पाहिली’ असें म्हणणें म्हणजे ती टपालानें फिरवीत बसणें होतें.

या साधनाचा शिक्षणाकडे उपयोग करण्याचा विचार पूर्ण काचपट्टीचीं चित्रें सर्रास होण्याच्या आधींच सुचला होता. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथील विकृतिशास्त्रज्ञांनीं संगणकाच्या जाळ्यावर एक विनामूल्य पाठ ठेवला. शिकणाऱ्यानें आधीं वीस चित्रांची प्रतवारी करावयाची. मग समजावून सांगितलेलीं चित्रें पाहावयाचीं. आणि शेवटीं पहिल्याच वीस चित्रांची प्रत पुन्हां ठरवावयाची. सहाशेंहून अधिक विकृतिशास्त्रज्ञांनीं हा पाठ पुरा केला, आणि बहुतेक चित्रांच्या बाबतींत त्यांचीं उत्तरें तज्ज्ञांच्या जवळ सरकलीं. हे नवशिके विद्यार्थी नव्हते; व्यवसायांत मुरलेले डॉक्टर होते. वर्षानुवर्षें बसलेली नजरहि चांगलें उदाहरण पुढें ठेवल्यास बदलते, असें या प्रयोगावरून दिसलें.

इकडे खुद्द मापाचीहि दुरुस्ती चालू होती. मूत्रसंस्थेच्या विकृतिशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें २००५ सालीं सॅन अँटोनिओ येथें आणि २०१४ सालीं शिकागो येथें परिषदा भरवून ग्लीसनच्या नमुन्यांच्या सीमा नव्यानें आंखल्या. पहिले दोन नमुने सुईच्या धाग्यावरून सांगणें जवळजवळ बंद झालेलें होतें. त्यामुळें व्यवहारांत सर्वांत खालचा गुणांक सहा झाला. आतां दहापैकीं सहा गुण ऐकले कीं, रोगी साहजिकच समजे, आपला रोग मध्यम प्रतीचा आहे. वस्तुतः तो सर्वांत सौम्य असे. म्हणून शिकागोच्या परिषदेनें एक ते पांच असे पांच गट मान्य केले. सहा किंवा खालचा गुणांक हा पहिला गट. गुणांक सात असतांना तिसरा नमुना अधिक व चौथा कमी असेल तर दुसरा गट, आणि उलट असेल तर तिसरा. आठाचा चौथा, आणि नऊदहाचा पांचवा. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१६ सालीं ही गटवारी स्वीकारली. भीति कमी करण्यास योग्य शब्दहि औषधासारखा उपयोगी पडतो, याचें हें एक उदाहरण होय.

ही भीति कमी करणें उचितहि होतें. ब्रिटनमध्यें १,६४३ रोग्यांची तीन गटांत वांटणी करून कांहींना नुसत्या देखरेखीवर ठेवलें, कांहींवर शस्त्रक्रिया केली आणि कांहींना किरणोपचार दिला. त्यांत बहुतेकांचा रोग सौम्य प्रतीचा होता. सुमारें पंधरा वर्षांनंतरचा निकाल २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. या रोगानें वारलेले सगळे मिळून ४५, म्हणजे शेंकडा तिनांहूनहि कमी. आणि तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. अर्थात् रोग्यास निर्धास्तपणें देखरेखीवर ठेवावयाचें तर त्याची प्रत बिनचूक ठरली पाहिजे. प्रतवारी चुकली कीं ही सगळी निर्धास्ती फोल.

शब्दांची दुरुस्ती परिषदेंत होते. पण त्या शब्दांमागचें चित्र सर्वांच्या मनांत एकच आहे काय, हा जुना प्रश्न उरतोच. त्यासाठीं याच आंतरराष्ट्रीय संस्थेनें नमुनाचित्रांचा एक संग्रह उभारला. त्याचा वृत्तांत २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या खंडांतील तज्ज्ञ एकेका रोग्याचीं चित्रें एकमेकांशीं न बोलतां पाहतात आणि आपापलें मत देतात. दोनतृतीयांश मतें जुळलीं तरच तें चित्र नमुना म्हणून संग्रहांत जातें. परीक्षेच्या वेळीं मुख्य परीक्षक नमुन्यादाखल तपासलेल्या उत्तरपत्रिका इतरांस वांटतो, तशांतलाच हा प्रकार. मात्र येथें मुख्य परीक्षक एक नसून अनेक आहेत, आणि त्यांचें न जुळलेलें मतहि उपयोगी पडतें. कारण तज्ज्ञांचेंच जेथें जुळत नाहीं, तेथें मापाचीच रेघ पुसट आहे असें समजावें.

पडद्यावरील चित्र काचपट्टीइतकें विश्वसनीय आहे कीं नाहीं, ही शंका जुन्या लोकांनीं काढली, आणि ती रास्तच होती. अमेरिकेच्या औषध प्रशासनानें प्रत्यक्ष निदानासाठीं असें पहिलें यंत्र २०१७ सालीं मान्य केलें. पुढल्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या तुलनेंत १,९९२ रोग्यांचीं निदानें दोन्ही रीतींनीं तपासलीं गेलीं. मूळ निदानाशीं मोठा विरोध पडद्यावर ४.९ टक्के आणि सूक्ष्मदर्शकाखालीं ४.६ टक्के आढळला. म्हणजे फरक नांवापुरताच. तथापि कांहीं उणीवा आहेत. एका प्रयोगशाळेचा रंग गडद, दुसरीचा फिका. एका यंत्राचें गुलाबी दुसऱ्याच्या गुलाबीशीं जुळत नाहीं. आणि सूक्ष्मदर्शकाचें चाक फिरवून कापाच्या जाडींत वरखालीं पाहण्याची सोय नेहमींच्या चित्रांत नसते. मापाचा झगडा काचेवरून रंगावर आला, इतकेंच.

अलीकडे या चित्रांवर संगणकासहि प्रतवारी शिकविण्यांत आली आहे. नेदरलंड्समधील नायमेगन आणि स्वीडनमधील स्टॉकहोम येथील संशोधकांच्या पुढाकारानें २०२० सालीं एक जागतिक स्पर्धा झाली. तींत ६५ देशांतील १,२९० जणांनीं भाग घेतला. या कामीं बारा हजारांवर चित्रें वापरलीं गेलीं. उत्तम कार्यक्रमांचे निकाल तज्ज्ञांच्या मताशीं चांगले जुळल्याचा वृत्तांत २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. परंतु यंत्रानें शिकण्यासाठीं उत्तरें माणसांनींच दिलेलीं होतीं. गुरूची नजर तिरपी असली तर शिष्याचीहि तिरपी होते. आणि हा शिष्य तर थकत नाहीं, त्यामुळें ती चूक तो अखंड करीत राहील. म्हणून यंत्र आलें तरी तज्ज्ञांच्या एकमताची आणि त्या एकमतास रोग्यांच्या प्रत्यक्ष भवितव्याशीं ताडून पाहण्याची गरज कमी होत नाहीं, उलट वाढते. ग्लीसन यांनीं आधीं डोळे झांकून गट पाडले आणि मग मृत्यूच्या नोंदीस विचारलें. हा क्रम आजहि सोडून चालणार नाहीं.

या इतिहासाचा आपल्या प्रांताशीं असलेला संबंधहि थोडक्यांत सांगण्यासारखा आहे. मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं उघडलें. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं मुंबईंतील तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीनें एक हजार रोग्यांचा आढावा १९४४ सालीं अमेरिकेंतील संशोधनपत्रांत प्रसिद्ध केला. ब्रॉडर्सनें ओठावर ज्या जातीच्या पेशींचा अभ्यास केला होता, त्याच जातीच्या पेशींचा हा रोग तंबाखूच्या पायीं आपल्याकडे घरोघर परिचित झालेला आहे. एक हजार काचपट्ट्या एका जाणत्या नजरेखालून जाणें याचें मोल तेव्हांहि मोठें होतें. पण ती नजर परळच्या प्रयोगशाळेपुरतीच होती. आज टाटा स्मारकाच्या पुढाकारानें २०१२ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय जाळ्यांत देशांतील शेंकडों कर्करोग केंद्रें आहेत. जिल्ह्याच्या गांवीं एकटाच बसून निकाल देणाऱ्या विकृतिशास्त्रज्ञास अडलेली काचपट्टी पडद्यावरून दाखवून दुसऱ्याचें मत विचारतां येणें, ही गोष्ट मोठ्या शहरांतील डॉक्टरांपेक्षां त्यास अधिक मोलाची आहे.

आरंभींच्या त्या गृहस्थाकडे शेवटीं वळणें योग्य होईल. त्याला ब्रॉडर्स ठाऊक नसतो, ग्लीसन ठाऊक नसतो. अहवालावरच्या आंकड्याखेरीज त्याच्या हातीं कांहीं नसतें. तो आंकडा नागपुरास जो निघेल तोच पुण्यास आणि तोच लंडनला निघावा, एवढीच त्याची न्याय्य अपेक्षा आहे. ती पुरी करण्यास १९२० पासून शंभरांवर वर्षें लागलीं, आणि काम अद्याप संपलेलें नाहीं. प्रत तीव्र किंवा मंद ठरणें हें त्याच्या दैवाधीन असेल. पण ती कोणाच्या नजरेस पडली यावर अवलंबून असूं नये, यासाठींच हा सगळा खटाटोप आहे. आणि तोंवर सुज्ञ रोग्यानें व त्याच्या आप्तांनीं, मोठ्या उपचाराचा निर्णय घेण्यापूर्वीं, तीच काचपट्टी आणखी एका जाणत्या डोळ्याखालून जावी असा आग्रह धरल्यास त्यांत डॉक्टरांचा कसलाहि अपमान नाहीं. चांगले डॉक्टर स्वतःच तसें सुचवितात.